वासे मोजतो, कारण घर आमचं आहे

(लोणावळे येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा चौथीत संपली. पुढचं शिक्षण झालं ते साच्यावर, चाळीच्या गॅलरीत आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा आज जे बोलणार आहोत ते पुस्तकी नाही. पण विषय मोठा आहे आणि तो आमच्या मानगुटीवर रोज बसतो, म्हणून बोलणं भाग आहे.

आम्ही मोर्चा काढला, मागणी केली, सरकारचं चुकलं म्हणून सांगितलं, की एक आरोप ठरलेला असतो. "ज्या देशाचं खाता त्याच देशाला नावं ठेवता? खाल्ल्या घरचे वासे मोजता?" हा झाला पहिला आरोप. दुसरा त्याहून बोचरा. "धरणाच्या विजेवर तुमच्या गिरण्या चालल्या, त्या पगारावर तुमची पोरं वाढली, आणि आता धरणाच्या नावानं बोंब मारता? हे ढोंग नव्हे काय?" पहिला आरोप द्रोहाचा, दुसरा ढोंगाचा. दोन्हींचं उत्तर आज द्यायचं आहे आणि चिडून नव्हे, हिशेब मांडून द्यायचं आहे.

वासे कोण मोजतो?

मंडळी, म्हण खरी आहे. पाहुणा म्हणून जेवायला गेलात आणि आढ्याकडे बघून वासे मोजू लागलात तर ते कृतघ्नपणाचंच. पण आमचा साधा सवाल आहे. या घरात आम्ही पाहुणे आहोत की घरधनी?

मावळात पाऊस कसा कोसळतो हे लोणावळेकरांना सांगायला नको. मृग लागण्याआधी इथला प्रत्येक कुणबी छपरावर चढतो. कौलं चाळतो, फुटलेलं कौल काढतो, वाळवी लागलेला वासा ठोकून बघतो. शाकारणी केल्याशिवाय आषाढ निघत नाही. त्याला कोणी म्हणतं का, की हा आपल्या घराची बदनामी करतोय? उलट जो घरधनी "आमचं छप्पर कधी गळतच नाही" म्हणून खाली बसून मिशांना पीळ देतो, त्याचीच चूल आषाढात विझते.

पाहुण्यानं वासे मोजले तर तो कृतघ्न. घरधन्यानं मोजले नाहीत तर तो आळशी. आणि दुसऱ्या घरधन्याला मोजू दिले नाहीत तर तो घराचा वैरी.

गिरणीत तरी काय निराळं असतं? ताग्यात दोष निघाला तर तो दाखवावाच लागतो. तुटलेला धागा दाखवणारा कापडाचा वैरी नव्हे. तुटका धागा तसाच पुढं दामटणारा वैरी. मात्र जुन्या मुंबईच्या गिरण्यांत मालकांची एक रीत होती. खराब निघालेला तागा विणकराच्याच गळ्यात मारायचा आणि त्याचे पैसे पगारातून कापायचे. सूत कच्चं दिलं कुणी, साचा नादुरुस्त ठेवला कुणी, हे विचारायचं नाही. देशाच्या बाबतीतही हीच चाल खेळली जाते. दोष दाखवला की दाखवणाऱ्याच्याच गळ्यात.

आपल्या शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मावळातल्या पोरांनी ते वाचलंच पाहिजे. आपल्याच लष्कराला महाराज त्यात बजावतात, की दाणावैरण बेपर्वाईनं उधळाल, मग ती संपली म्हणून रयतेच्या घरात हात घालाल, तर रयतेला मोगल बरे वाटतील. स्वतःच्या फौजेवर याहून कडक टीका कोणती? ती टीका केली म्हणून महाराज स्वराज्यद्रोही झाले काय? ती टीका केली म्हणूनच ते राज्य रयतेचं झालं.

१९०८: आमच्या आजापणजांनी दिलेलं उत्तर

इंग्रजांनी १८७० साली दंडविधानात राजद्रोहाचं १२४ अ कलम घातलं. त्याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ साली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुन्हा २२ जुलै १९०८ ला "केसरी"तल्या लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि त्यांना मंडालेला नेलं.

तेव्हा मुंबईचा गिरणी कामगार काय करत होता? तो बारा-बारा तास राबत होता. बहुतेकांना "केसरी" वाचता येत नव्हता, कोणी वाचून दाखवला तर कळत होता. तरी निकालानंतर त्यानं गिरण्या बंद पाडल्या. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा हरताळ! शिपाई आले, लष्कर आलं, गोळ्या झाडल्या गेल्या, कामगारांचं रक्त सांडलं. सरकारवर टीका करणारा माणूस आपला आहे, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना कळलं होतं.

यावर शहाणे लोक म्हणतात, "ते सरकार परक्याचं होतं हो. त्यावर टीका म्हणजे देशभक्तीच. स्वकीयांवर टीका ही वेगळी गोष्ट." ठीक आहे. मग स्वकीयांचीच गोष्ट काढू. त्यासाठी लांब जायला नको, या डोंगरापलीकडं मुळशीला जाऊ.

आमच्या विजेचं मोल

बंधूंनो, हे लोणावळ्याचं पाणी बघा. इंद्रायणी या घाटमाथ्यावर, कुरवंड्याजवळ उगवते आणि पूर्वेला देहू-आळंदीकडं वाहते. जमशेटजी टाटांच्या मनात आलं, की घाटमाथ्याचं हे पाणी अडवून कोकणात सोडलं तर वीज होईल. जमशेटजी १९०४ साली वारले. त्यांच्यामागे काम उभं राहिलं. १९११ साली पायाभरणी झाली, वळवण आणि शिरवत्याची धरणं बांधली, १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. कोळशावर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्या मावळच्या पाण्यावर चालू लागल्या. परळ-लालबागचा साचा फिरत होता तो इथल्या पावसावर, हे कधी विसरू नका. आणि त्याच गिरण्यांत मावळचा, जुन्नरचा, साताऱ्याचा, कोकणचा माणूस घाम गाळत होता, त्याचा डबा मावळ-खेडचाच डबेवाला डोक्यावरून आणत होता.

मग आली मुळशीची पाळी. नीळा-मुळेच्या खोऱ्यात मोठं धरण घालायचं ठरलं. मावळ्यांची गावं, भातखाचरं, देवळं, सगळं पाण्याखाली जाणार. जमीन मिळवायला हाताशी इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा होताच. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे पुढं झाले, सेनापती बापट पुढं झाले. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा होती. बायकापोरांसुद्धा माणसं कामाच्या जागी ठाण मांडून बसली, तुरुंगात गेली. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला आणि मोडला. धरण झालं. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

आता नीट ऐका. मुळशीच्या शेतकऱ्यावरही हाच आरोप होता. "अरे, ही कंपनी स्वदेशी आहे. स्वदेशी वीज, स्वदेशी गिरण्या. देशाची प्रगती होतेय आणि तुम्ही चार खाचरांसाठी आडवे पडता?" टीका परक्या मालकावर नव्हती, आपल्याच देशातल्या मालकावर होती. आणि ती करणारे सेनापती बापट कोण होते? देशासाठी विलायतेतलं शिक्षण सोडून बॉम्बची विद्या शिकलेला, भूमिगत राहिलेला माणूस. त्यांना देशभक्ती कुणी शिकवायची?

आता आमच्यावरचा ढोंगाचा आरोप. त्या विजेवर आमचे साचे फिरले, हे खरं. नाकारून चालणार नाही. मग आम्ही मुळशीची बाजू घेतली तर आम्ही ढोंगी काय? आमचं उत्तर असं: जो माणूस भाकरी खातो आणि तिच्यात कुणाचं भातखाचर बुडालं ते लपवतो, तो ढोंगी. जो खातो आणि उघड सांगतो, "या भाकरीचा हिशेब अजून चुकता झालेला नाही", तो ऋण मानणारा. ऋण मानणं आणि ढोंग करणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. विजेचा उपयोग करणाऱ्यानं विजेबद्दल बोलू नये असं म्हटलं, तर बोलायचं कुणी? अंधारात बसलेल्यानं?

पंधरा ऑगस्ट ते एकवीस नोव्हेंबर

स्वराज्य आलं. आता सरकारही आपलं. मग तर टीकेला जागा उरली नाही? १९५५ सालाकडं बघा.

त्या वर्षी गोवा पोर्तुगीजांच्या हातात होता. मे १९५५ मध्ये पुण्याहून नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. मार खाल्ला, पोर्तुगीजांनी लांबलचक शिक्षा ठोठावली. सेनापती बापट त्या वयातही गोव्याच्या सत्याग्रहात उतरले. १५ ऑगस्ट १९५५ ला देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ही झाली देशभक्ती, सगळ्यांनी मान्य केली.

त्याच वर्षी राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. तेलुगूंना राज्य, कन्नडिगांना राज्य, मल्याळींना राज्य, आणि मराठी माणसाला मात्र द्विभाषिक. मुंबईच्या कामगारानं विचारलं, आमचं काय? २१ नोव्हेंबर १९५५ ला तो फ्लोरा फौंटनला जमला आणि गोळ्या झाडल्या गेल्या. या वेळी पोर्तुगीजांनी नाही. आपल्याच सरकारनं. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार अशी घोषणा झाली, पुन्हा गोळ्या, पुन्हा प्रेतं. हुतात्म्यांचा आकडा १०५ वर गेला, पुढं १०६ मानला गेला. त्यांत गिरणी कामगार होते.

पंधरा ऑगस्ट ते एकवीस नोव्हेंबर म्हणजे तीन महिने आणि सहा दिवस. तेवढ्यात मराठी माणूस देशभक्ताचा देशद्रोही झाला काय? ज्यांनी गोव्यासाठी डोकी फोडून घेतली तीच माणसं पुढं संयुक्त महाराष्ट्र समितीत होती. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात समिती स्थापन झाली तेव्हा त्यात एस. एम. जोशी होते, डांगे होते, आचार्य अत्रे होते. प्रांतीय, संकुचित, देश तोडणारे, काय काय शिव्या त्यांना दिल्या गेल्या!

आणि आमच्यासारख्या भडक डोक्याच्या कामगाराचं सोडा. चिंतामणराव देशमुखांचं काय? रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, भारत सरकारचे अर्थमंत्री. देशाच्या तिजोरीची किल्ली ज्यांच्या कमरेला, त्या माणसानं १९५६ साली मंत्रिपद सोडलं आणि मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी का नाही, हे भर लोकसभेत विचारलं. तेही देशद्रोही?

शेवटी काय झालं? १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. देश तुटला नाही. उलट एक कोना भक्कम झाला. ज्या टीकेला द्रोह म्हटलं, तीच पाच वर्षांनी सरकारी ठराव झाली. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र बाहेर राहिलं, आणि महाराष्ट्रानं २००४ साली दाखल केलेला दावा अजून सर्वोच्च न्यायालयात लोंबकळतो आहे. तेव्हा वासे मोजायचं काम संपलेलं नाही.

आपल्याच राज्यात

आता सगळ्यात अवघड गोष्ट. दिल्लीवर टीका करायला मराठी माणसाला कष्ट पडत नाहीत. छाती फुगते. पण जे राज्य १०६ जणांच्या रक्तातून झालं, त्या राज्याचं चुकलं तर?

९ ऑगस्ट २०११. "चले जाव"चा दिवस, क्रांतिदिन. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ मावळचे शेतकरी जमले होते. पवना धरणाचं पाणी बंद नळातून थेट पिंपरी-चिंचवडला न्यायची योजना होती. शेतकऱ्याचं म्हणणं असं, की नदीतून जाणारं पाणी नळात कोंडलं तर नदीकाठच्या शेतीचं काय? आणि धरणासाठी ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या पुनर्वसनाचं रडगाणं धरण होऊन कैक वर्षं लोटली तरी संपलेलं नाही, त्यांचं काय? पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दोन पुरुष आणि एक बाई, तिघांचा जीव गेला. त्या योजनेचं काम मग बंद पडलं आणि वर्षानुवर्षं बंद राहिलं.

बंधूंनो, ही गोळी कुणाची? इंग्रजाची नव्हे, पोर्तुगीजाची नव्हे, दिल्लीची नव्हे. मराठी राज्याची, मराठी शेतकऱ्याच्या छातीत. आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला तहानलेलं कोण होतं? पिंपरी-चिंचवडचा कामगार. आमचाच भाऊ. त्याच्या चाळीत पाणी पाहिजे हेही खरं, मावळच्या शेतात पाणी पाहिजे हेही खरं. राज्यकर्त्याचं कौशल्य दोघांना एका ओसरीवर बसवण्यात असतं, एकाला बंदूक दाखवण्यात नसतं. ही टीका आम्ही केली म्हणून आम्ही महाराष्ट्रद्रोही होत नाही. हुतात्मा चौकात फुलं वाहायची आणि बऊरबद्दल गप्प बसायचं, याला मात्र नाव काय द्यायचं ते तुम्हीच सांगा.

एक गोष्ट आणखी ध्यानात घ्या. मुळशीच्या वेळचा तो १८९४ चा भूसंपादन कायदा स्वराज्यातही चालूच राहिला होता. बऊरला गोळीबार झाला त्या दिवशीही देशात तोच कायदा होता. देशभर शेतकऱ्यांनी बोंब मारली, मार खाल्ला, तेव्हा नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. आता खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती लागते, आणि गावावर काय परिणाम होईल याची आधी तपासणी करावी लागते. कायदा सोन्याचा झाला असं आमचं म्हणणं नाही, पळवाटा त्यातही आहेत. पण जुना किडका वासा बदलला. कुणी बदलला? टाळ्या वाजवणाऱ्यांनी नव्हे, वासे मोजणाऱ्यांनी.

खरं ढोंग कुठं असतं?

आम्ही असं म्हणत नाही, की टीका करणारा प्रत्येक जण संत. ढोंग असतंच. ते ओळखायच्या तीन खुणा सांगतो.

पहिली खूण: ओझं कुणाच्या खांद्यावर? उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ. देशाला शिव्या द्यायच्या, कर चुकवायचा, मजुराचा पगार बुडवायचा, पोरगं परदेशी पाठवायचं आणि "या देशाचं काही खरं नाही" म्हणून मान हलवायची. या माणसानं वासे मोजले ते घर दुरुस्त करायला नव्हे, लाकूड विकायला. जो राबतो, कर भरतो, मार खातो आणि मग बोलतो, त्याचं बोलणं निराळं.

दुसरी खूण: माप एकच आहे काय? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे खरं ढोंग. मुंबईच्या गिरण्यांचाच दाखला घ्या. मालकाच्या जुलमावर भाषणं होत होती, कामगार सारे एक म्हणून घोषणा होत होत्या, आणि विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला पाऊल ठेवता येत नव्हतं. का? तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढावा लागे, आणि सवर्ण विणकराला विटाळ होई. पगार जास्त त्याच खात्यात! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पुढाऱ्यांच्या तोंडावर सांगितलं, की मालकाकडं न्याय मागता तो आधी आपल्या भावाला द्या. तेव्हा कैकांना वाटलं, हा माणूस एकीत फूट पाडतो. फूट त्यांनी पाडली नव्हती. ती होतीच, त्यांनी दाखवली.

हेच माप भाषेच्या प्रश्नाला लावा. बेळगावच्या मराठी पोराला मराठी शाळा पाहिजे, सरकारी कागद मराठीत पाहिजे, ही आमची मागणी न्यायाची आहे. मग जतच्या, अक्कलकोटच्या कन्नड पोरालाही त्याच्या भाषेतली शाळा पाहिजे, हेही न्यायाचंच. सीमेच्या त्या बाजूला एक शेर आणि या बाजूला दुसरा, असा काटा लावला तर तो वाणी लबाड.

सरकारं बदलतात तसं टीकेचं मापही बदलणारे आहेतच. विरोधात असले की "लोकशाही धोक्यात", सत्तेत आले की "टीका म्हणजे द्रोह". १२४ अ कलमाचं काय झालं बघा. ज्या कलमानं टिळकांना मंडालेला धाडलं, ते स्वराज्यात तसंच राहिलं. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारवरची टीका कितीही कडक असो, हिंसेला चिथावणी नसेल तर तो राजद्रोह नव्हे. तरी कलम वापरलं जातच राहिलं, या पक्षाकडून आणि त्या पक्षाकडून. मे २०२२ मध्ये न्यायालयानं ते थांबवून ठेवलं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. तिच्यात राजद्रोह शब्द नाही, पण देशाचं सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणण्याचं १५२ कलम आहे. आमचं म्हणणं इतकंच: कलमाचा आकडा बदलला म्हणून भागत नाही, ते चालवणाऱ्या हाताची खोड मोडली पाहिजे.

तिसरी खूण: टीका केल्यावर पुढं काय? छप्पर शाकारायचं आहे की पेटवायचं आहे? टिळकांनी सरकारवर आसूड ओढले, आणि त्याच काळात, त्यांच्याच पाठबळानं, एक-एक पैसा वर्गणी जमवून पैसा फंड उभा राहिला. त्या पैशातून १९०८ साली या मावळातच, तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना सुरू झाला. एका हातात टीका, दुसऱ्या हातात विधायक काम. आणि बाबासाहेबांहून मोठा दाखला तो कोणता? १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांचं गाऱ्हाणं जगासमोर मांडलं, तेव्हा त्यांना देशद्रोही म्हटलं गेलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, घरचं बाहेर कशाला सांगता?" पण ज्या माणसानं या घरावर सगळ्यात कडक टीका केली, त्यालाच या घराचा आराखडा काढायला बसवावं लागलं. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच झाले. आज आम्हाला बोलायचा हक्क आहे तो त्याच घटनेच्या एकोणिसाव्या कलमानं.

आणि शेवटची एक गोष्ट सांगतो, ती मात्र पक्की गाठ बांधून ठेवा. समजा, एखादा टीकाकार खरोखरच ढोंगी निघाला. तिन्ही खुणांत नापास झाला. म्हणून त्यानं दाखवलेलं छप्पर गळायचं थांबतं काय? ढोंग हा माणसाचा दोष, गळती हा छपराचा दोष. माणसाला दोष द्या, जरूर द्या, पण आधी बादली लावा आणि कौल बदला. "सांगणारा कोण आहे" एवढंच विचारून जो "सांगतो ते खरं आहे काय" हे टाळतो, त्याच्या घरात पाणी शिरणार ते शिरणारच. आमच्यावर ढोंगाचा आरोप करणाऱ्यांची खरी मखलाशी हीच आहे. गळतीवर बोलायला नको, म्हणून ते आमच्या तोंडावर बोलतात.

आता करायचं काय?

मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे १९८२ च्या संपानंतर एकेक करत बंद पडले. जिथं साचे फिरत होते तिथं काचेचे मनोरे उभे आहेत. आपल्यापैकी काही अजून साच्यावर आहेत, काहींच्या बापाच्या हातूनच साचा सुटला, आणि घराच्या हक्कासाठी कामगारांच्या विधवा अर्ज हातात घेऊन फिरल्या. अशा माणसाला "देशाविषयी चांगलं बोला" असं सांगणाऱ्याला आम्ही विचारतो, देश म्हणजे कोण? दिल्लीची खुर्ची? मंत्रालयाचा सहावा मजला? की मुळशीचा बुडालेला शेतकरी, फ्लोरा फौंटनला पडलेला कामगार आणि बऊरला पडलेली बाई? हे जर देश असतील, तर यांच्या बाजूनं बोलणं हीच देशाविषयी चांगलं बोलणं.

म्हणून, बंधूंनो, उद्यापासून कुणी चाळीत, वडाच्या पारावर, चहाच्या टपरीवर "देशद्रोही" हा शब्द काढला, तर हातघाईवर येऊ नका. त्याला शांतपणानं खाली बसवा आणि तीन सवाल टाका. हा बोलणारा माणूस ओझं उचलतो काय? त्याचं माप सगळ्यांना एकच आहे काय? आणि त्याला घर दुरुस्त करायचं आहे काय? मग चौथा सवाल विचारा, तो सगळ्यात महत्त्वाचा: तो सांगतो ते खरं आहे काय? खरं असेल तर दोघं मिळून शिडी आणा.

आणि हेच चार सवाल आपल्या युनियनलाही विचारा, आपल्या पुढाऱ्यांनाही विचारा, आम्ही इथं उभं राहून बोलतोय त्या आम्हालाही विचारा. युनियनच्या हिशेबाची वही मागणारा सभासद फितूर नसतो. तो युनियन जिवंत आहे याची खूण असतो. ज्या दिवशी वही मागणारा कुणी उरणार नाही, त्या दिवशी कचेरीवर लाल बावटा असो की भगवा, आत वाळवी लागली असं समजा.

हे घर फुकट मिळालेलं नाही. त्याच्या एकेका वाशाला माणसाचं रक्त लागलेलं आहे. म्हणून तर आम्ही ते मोजतो, ठोकून बघतो, किडलेला दिसला तर ओरडून सांगतो. पाऊस कुणासाठी थांबत नाही. मृगाच्या आधी शिडी लावणारे कामगार आणि शेतकरी जोवर या देशात आहेत, तोवर हे घर पडायचं नाही.

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!
हुतात्मे अमर राहोत!
जय महाराष्ट्र! जय हिंद!